परवाना आणि यंत्राची ओळख : सॉफ्टवेअरच्या इतिहासातील एका वादाचा मागोवा

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाची आज्ञावली विकत घेणाऱ्यास वस्तू मिळत नाही, वापराची अनुज्ञा मिळते. परवान्याच्या मजकुरात ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली असते. परंतु ग्राहकाच्या ध्यानी ती सहसा यंत्र बिघडते त्या दिवशी येते. मदरबोर्ड बदलला, हार्ड डिस्क निकामी झाली, किंवा जुने यंत्र काढून नवे घेतले, की कालपर्यंत चालणारी आज्ञावली 'हे यंत्र ते नव्हे' असे सांगून थांबते. मूल्य चुकते केलेले असते, पावती हाती असते, आणि तरीही काम अडलेले असते. विक्रेत्याच्या कार्यालयातून नवी किल्ली येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

ही तक्रार वैयक्तिक संगणकाबरोबर जन्मास आली असा समज आहे, तो बरोबर नाही. परवाना यंत्राच्या ओळखीशी जोडण्याची पद्धत त्याहून जुनी असून तिचा उगम भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या काळात आहे. ज्या परिस्थितीत ती निर्माण झाली ती परिस्थिती पुढे पालटली, पण पद्धत टिकून राहिली. या दोहोंमधील अंतर कसे वाढत गेले आणि त्याचा भार कोणावर पडला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२. भाड्याचे यंत्र आणि यंत्रक्रमांक

अमेरिकेतील आयबीएम कंपनी आपली हिशेबयंत्रे दीर्घकाळ केवळ भाड्याने देत असे. जानेवारी १९५६ मधील संमतिनिर्णयाने ती विक्रीसही ठेवण्याचे बंधन कंपनीवर आले. तथापि भाड्याची प्रथा त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालू राहिली. या काळात आज्ञावलीला स्वतंत्र किंमत नव्हती. यंत्राच्या भाड्यातच आज्ञावली, दुरुस्ती आणि शिक्षण यांचा समावेश असे. साहजिकच आज्ञावली कोणत्या यंत्रावर चालते, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने कंपनीवर मक्तेदारीविरोधी दावा लावला आणि त्याच वर्षी २३ जून रोजी कंपनीने सेवा व काही आज्ञावली यांचे मूल्य वेगळे आकारण्याची घोषणा केली. सॉफ्टवेअरच्या व्यापाराच्या इतिहासात हा दिवस सीमारेषेसारखा मानला जातो. किंमत वेगळी झाली म्हणजे मोजमापाचे एकक ठरविणे आले. एकक म्हणून मनुष्य, संस्था, खोली किंवा कामाचे तास यांपैकी काहीही घेता आले असते. घेतले गेले ते यंत्र. त्यास सबळ कारणे होती. यंत्रे थोडी होती, अतिशय महाग होती, एका जागी पक्की बसविलेली होती, आणि त्यांची देखभाल बहुधा विक्रेत्याचाच अभियंता करीत असे. एका संस्थेचे एक यंत्र, हे समीकरण तेव्हा वस्तुस्थितीस धरून होते.

१९७० मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३७० मालिकेतील यंत्रांत मध्यवर्ती प्रक्रियकाचा क्रमांक वाचून घेण्यासाठी एक स्वतंत्र सूचना होती. त्यामुळे आज्ञावलीला स्वतःच, आपण कोणत्या यंत्रावर चालत आहोत, हे विचारता येऊ लागले. स्वतंत्र आज्ञावली-विक्रेत्यांनी या सोयीचा उपयोग करून घेतला : परवान्यात लिहिलेला क्रमांक आणि यंत्राने सांगितलेला क्रमांक जुळला तरच काम सुरू व्हावयाचे.

तक्रारीचे बीज येथेच पडले. यंत्र अधिक शक्तिशाली केले की क्रमांक बदले. वेतनपत्रकाच्या रात्री यंत्र बंद पडले आणि काम राखीव यंत्रावर न्यावे लागले, तर तेथील क्रमांक वेगळा निघे. नेमलेले यंत्र नादुरुस्त असताना दुसऱ्यावर तात्पुरते काम करण्याची मुभा देणारी कलमे करारांत असत. परंतु करार माणसे वाचतात, क्रमांक यंत्र वाचते. करारातील अपवाद आज्ञावलीतील तपासणीत उतरलेला नसे, आणि त्यामुळे कायद्याने जे अनुज्ञेय ते व्यवहारात अशक्य होऊन बसे. या विषयाच्या पुढील सर्व इतिहासात ही विसंगती पुनःपुन्हा आढळते.

३. क्रमांक नसलेली यंत्रे : तबकडी आणि डोंगल

१९७५ नंतर छोटे संगणक घरोघरी जाऊ लागले, तेव्हा प्रश्नाचे रूप पालटले. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी छांदिष्ट संगणकप्रेमींना उद्देशून लिहिलेल्या प्रकट पत्रात, आज्ञावलीची फुकट नक्कल करणे ही चोरी आहे, अशी भूमिका मांडली होती. नक्कल रोखावयाची तर यंत्र ओळखावयास हवे; परंतु या स्वस्त यंत्रांना आज्ञावलीने वाचावा असा क्रमांकच नव्हता. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातही तो नव्हता. यंत्राला ओळख नसल्यामुळे ती बाहेरून चिकटविण्याचे दोन उपाय निघाले.

पहिला उपाय तबकडीचा. मूळ फ्लॉपीवर नेहमीच्या साधनांनी नक्कल होऊ न शकणारी खूण ठेवावयाची आणि आज्ञावली सुरू होताना ती खूण तपासावयाची. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबपत्रकाच्या आज्ञावलीने हाच मार्ग अवलंबिला होता. त्याच वर्षी हार्ड डिस्क असलेला संगणक आला आणि आज्ञावली डिस्कवर उतरवूनही मूळ फ्लॉपी खाचेत घालावी लागणे ग्राहकांस जाचू लागले. फ्लॉपी ही झिजणारी वस्तू. ती खराब झाली की परवानाही तिच्याबरोबर जाई. मोठ्या कंपन्या व सरकारी कार्यालये यांच्या नाराजीमुळे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक प्रमुख विक्रेत्यांनी ही पद्धत सोडून दिली. ग्राहकांच्या असंतोषाने विक्रेत्यास माघार घ्यावयास लावल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

दुसरा उपाय डोंगलचा. १९८० मध्ये कमोडोर पेट या संगणकावरील वर्डक्राफ्ट या लेखन-आज्ञावलीबरोबर एक लहानसा जोड देण्यात आला; तो कॅसेटच्या खाचेत बसविल्याशिवाय आज्ञावली चालत नसे. 'डोंगल' हा शब्द डॉन गॉल नावाच्या संशोधकावरून पडला अशी कथा पुढे एका उत्पादकाच्या जाहिरातीतून पसरली. ती निव्वळ कल्पित आहे. डोंगलने परवाना यंत्रापासून सोडविला, हे मान्य केले पाहिजे. जोड खिशात घालून दुसऱ्या यंत्राकडे जाता येई. पण मोठ्या किमतीचा हक्क एका चिमुकल्या वस्तूत साठला आणि ती हरवली, तुटली किंवा चोरीस गेली तर हक्क सिद्ध करण्याचे साधनच नाहीसे होई. निरनिराळ्या आज्ञावलींचे डोंगल मुद्रकाच्या खाचेत एकापुढे एक लावल्यामुळे यंत्रामागे त्यांची शेपटी तयार होई. पुढे ती खाचच नव्या यंत्रांतून नाहीशी झाली आणि धडधाकट डोंगल बसविण्यास जागा उरली नाही.

४. ओळख काढता-घालता येऊ लागते

अभियांत्रिकी व संशोधनाच्या क्षेत्रात १९८० च्या दशकात वर्कस्टेशने आली. जाळ्यात जोडल्या जाणाऱ्या या यंत्रांजवळ दोन तऱ्हेची ओळख होती. एक इथरनेटचा ४८ बिटांचा पत्ता. डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकानुसार त्याचे पहिले २४ बिट उत्पादकाचे व उरलेले त्या विशिष्ट जोडपत्राचे. दुसरी ओळख म्हणजे होस्टआयडी हा ३२ बिटांचा क्रमांक. इथरनेटचा पत्ता निरोप योग्य ठिकाणी पोहोचावा म्हणून निर्माण झाला होता. स्वामित्वाचा पुरावा म्हणून नव्हे. तथापि १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेल्या फ्लेक्सएलएमसारख्या परवाना-व्यवस्थापकांनी या दोन क्रमांकांवरच आपली इमारत उभी केली. यांतील काही परवाने एका यंत्राशी बांधलेले, तर काही 'तरते' असत. म्हणजे जाळ्यातील कोणत्याही यंत्रावर, पण ठराविक संख्येपर्यंतच, चालणारे. मात्र तरते परवाने वाटणारे सेवायंत्र पुन्हा स्वतःच्या क्रमांकाला बांधलेले असे. ते यंत्र बंद पडले की एका माणसाऐवजी सगळा विभाग थांबे.

या पद्धतीचा आधार किती कच्चा होता, हे सन कंपनीच्या वर्कस्टेशनांच्या उदाहरणावरून दिसते. १९८९ च्या स्पार्कस्टेशन १ पासून पुष्कळ यंत्रांत होस्टआयडी व इथरनेटचा पत्ता एका लहान स्मृतिचिपमध्ये ठेवलेला असे आणि त्या चिपच्या पोटातच लिथियमची बॅटरी असे. सुमारे दहा वर्षांनी बॅटरी संपे आणि यंत्र आपली ओळख विसरून जाई. बाकी सर्व भाग ठणठणीत असत. केवळ 'मी कोण' हे यंत्रास सांगता येत नसे, आणि तेवढ्याने हजारो रुपयांच्या किंवा डॉलरांच्या आज्ञावली निरुपयोगी होत. उलट मदरबोर्ड बदलताना दुरुस्ती करणारे जुनी चिप काढून नव्या बोर्डावर बसवीत, म्हणजे नवे यंत्र जुन्याच नावाने वावरे. शिवाय यंत्र सुरू होतानाच्या अवस्थेत काही आज्ञा देऊन हा क्रमांक नव्याने लिहिताही येई. जी ओळख बॅटरीबरोबर मरते, उपटून दुसरीकडे लावता येते आणि हाताने लिहिता येते, तिला ओळख म्हणावे का, हा प्रश्न परवाना देणाऱ्यांनी सोयीस्करपणे बाजूस ठेवला.

१९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीची आभासी यंत्राची आज्ञावली वैयक्तिक संगणकावर आली, तेव्हा हा प्रश्न टाळणे अधिकच कठीण झाले. एका यंत्राच्या पोटात दुसरे यंत्र चालू लागले आणि त्याचे सारे क्रमांक एका फाइलमधील ओळी होऊन बसले.

५. ओळखीचा कायदा : पेंटियम ३ पासून एक्सपीपर्यंत

फेब्रुवारी १९९९ मध्ये विक्रीस आलेल्या पेंटियम ३ प्रक्रियकात इंटेलने ९६ बिटांचा अनुक्रमांक घातला. तीन दशकांपूर्वीच्या मोठ्या यंत्रांची सोय वैयक्तिक संगणकास देण्याचाच हा प्रयत्न होता. परंतु मधल्या काळात यंत्र संस्थेचे न राहता व्यक्तीचे झाले होते, आणि यंत्राचा क्रमांक म्हणजे व्यक्तीचा माग, असा अर्थ लोकांनी घेतला. अमेरिकेतील खाजगीपणाचा पुरस्कार करणाऱ्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली आणि २००० मध्ये पुढील प्रक्रियकांत हा क्रमांक न ठेवण्याचा निर्णय कंपनीने घेतला.

एक निश्चित क्रमांक मिळेना, म्हणून अनेक अनिश्चित खुणांची बेरीज करण्याचा मार्ग निघाला. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत मायक्रोसॉफ्टने सक्रियीकरणाची सक्ती केली. बसविल्यापासून ३० दिवसांच्या आत कंपनीकडून संमती घ्यावी लागे. आज्ञावली यंत्राच्या 10 घटकांची नोंद घेई : हार्ड डिस्क, तिच्यावरील विभागाचा क्रमांक, सीडीचे उपकरण, चित्रपत्र, जाळ्याचे जोडपत्र, प्रक्रियक, स्मृतीचे प्रमाण इत्यादी. या नोंदींचे संक्षेप करून ५० अंकी क्रमांक तयार होई. इंटरनेट नसल्यास तो दूरध्वनीवरून वाचून दाखवावा लागे आणि उत्तरादाखल मिळालेले ४२ अंक टंकलिखित करावे लागत. संक्षेप अशा रीतीने केलेला होता की त्यावरून मूळ घटकाचा क्रमांक काढता येऊ नये. पेंटियमच्या प्रकरणातून घेतलेला हा धडा होता, असे मानण्यास जागा आहे.

याहून लक्षणीय होता तो बदलाविषयीचा नियम. जाळ्याचे जोडपत्र तेच असेल तर सहा किंवा अधिक घटक बदलल्यावर पुन्हा संमती घ्यावी लागे. जोडपत्र बदलले असेल किंवा मुळातच नसेल तर चार घटक पुरत. राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांच्या संवादात रथाची चर्चा आहे. चाके, आस, जू यांपैकी कोणते म्हणजे रथ, असे नागसेन विचारतो आणि रथ हे केवळ व्यवहारापुरते नाव आहे या निष्कर्षाशी येतो. तत्त्वचिंतनात जो प्रश्न नावापाशी थांबला त्याचे उत्तर २००१ मध्ये अंकांत देण्यात आले. ते द्यावेच लागले, कारण एव्हाना संगणक हा सुट्या भागांचा जुळवलेला संच झाला होता आणि त्याचे कोणतेही अंग कधीही बदलले जाऊ शकत होते.

या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. मोठ्या संस्थांना दिलेल्या घाऊक परवान्यांस सक्रियीकरण लागू नव्हते. नामांकित उत्पादकांच्या यंत्रांत मदरबोर्डवरील खूण पाहूनच काम भागे. बेकायदा नकला करणाऱ्यांनी बाहेर फुटलेल्या घाऊक किल्ल्या वापरल्या. राहिला तो दुकानातून खोके विकत घेणारा, आणि स्वतःच्या यंत्राची डागडुजी स्वतः करणारा ग्राहक. ज्याने नियम पाळला त्यालाच नियमाचा जाच सर्वाधिक झाला, ही तक्रार अतिशयोक्त म्हणता येत नाही.

विक्रेत्यांची बाजूही नोंदविणे अवश्य आहे. आज्ञावलीच्या निर्मितीस श्रम व भांडवल लागते, आणि नक्कल करण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. कोणताही अडसर नसता तर छोट्या विक्रेत्यांस तगून राहणे कठीण गेले असते, हे म्हणणे निराधार नाही. आक्षेप आहे तो अडसराच्या अस्तित्वाला नसून, त्याची किल्ली कायमची एकाच पक्षाच्या हाती राहते याला आहे. २००५ च्या सीएस२ मालिकेचे सक्रियीकरण करणारी सेवायंत्रे अडोबी कंपनीने २०१२ च्या अखेरीस बंद केली, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी सक्रियीकरण न लागणारी आवृत्ती तिने उपलब्ध करून दिली. हे उचित झाले; पण ते विक्रेत्याच्या सौजन्याने झाले, ग्राहकाच्या हक्काने नव्हे.

६. न्यायालये आणि कायदे

अमेरिकेत १९८० च्या दुरुस्तीने आज्ञावलीच्या प्रतीच्या 'मालकास' वापरासाठी आणि सुरक्षिततेसाठी नक्कल करण्याचा हक्क दिला. त्यावर विक्रेत्यांनी ग्राहक हा मालक नसून परवानाधारक आहे असा पवित्रा घेतला. १९८८ च्या व्हॉल्ट विरुद्ध क्वेड या खटल्यात, संरक्षित तबकडीची खूण निष्प्रभ करणारी आज्ञावली विकणे बेकायदा नाही, असा निर्णय झाला. १९९८ च्या कायद्याने वारे उलटे फिरले. तांत्रिक अडसर ओलांडणे हाच स्वतंत्र अपराध ठरला. मात्र त्याच कायद्याखालील अपवादांत २००३ मध्ये बिघडलेल्या व कालबाह्य डोंगलचा स्पष्ट उल्लेख आला, आणि २००६ व २०१० मध्ये तो पुन्हा मान्य झाला. कायदेकर्त्यांस एका खिशात मावणाऱ्या वस्तूची दखल घ्यावी लागली, यावरून तक्रारीचे गांभीर्य कळते. २०१० च्या व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या निर्णयात ग्राहक परवानाधारकच ठरला.

युरोपात दृष्टिकोन निराळा दिसतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० मध्ये यंत्राबरोबर दिलेली आज्ञावली यंत्रावेगळी विकण्यास वाट मोकळी केली. त्याच न्यायालयाने २००२ मध्ये, भाडेपट्ट्याने दिलेली आज्ञावली अधिक शक्तिशाली यंत्रावर नेल्यास अधिक शुल्क आकारणारे कलम वैध ठरविले. या दोन निर्णयांत विरोध नाही : विक्रीस एक न्याय, भाड्यास दुसरा. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने युजडसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या प्रकरणी, मुदतीची मर्यादा नसलेला परवाना मूल्य घेऊन देणे ही विक्रीच होय, असे ठरविले.

भारतात आज्ञावलीचा समावेश १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमात १९८४ मध्ये झाला. सुरक्षिततेसाठी नक्कल करण्याची मुभा वैध 'धारकास' आहे. 'मालक' हा शब्द तेथे नाही, आणि हा भेद ग्राहकाच्या हिताचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार तांत्रिक अडसर ओलांडणे दंडनीय होण्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. मेलेल्या डोंगलमागे अडकलेले स्वतःचे काम सोडविणाऱ्यास या हेतूच्या अटीचा आधार घेता येण्यासारखा आहे.

७. मराठी अक्षरजुळणीचे उदाहरण

या प्रश्नाचा मराठी ग्रंथव्यवहाराशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९९० च्या दशकात मराठी मुद्रण शिशाच्या खिळ्यांकडून संगणकाकडे वळले, त्या वेळी देवनागरी अक्षरजुळणीच्या अनेक आज्ञावली 'लॉक'सह, म्हणजे डोंगलसह, विकल्या जात. इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये निश्चित झाले आणि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरीस स्थान मिळाले. परंतु छापखान्यांत प्रत्येक विक्रेत्याची अक्षरसंकेतांची मांडणी वेगळी होती. अशा फाइली दुसऱ्या यंत्रावर उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. त्यामुळे येथे लॉक गमावणे म्हणजे केवळ साधन गमावणे नव्हते. जुळविलेला मजकूर पडद्यावर होता तसा वाचण्याची वाटच बंद होई आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी छापील प्रत पुढे ठेवून सारा मजकूर नव्याने जुळवावा लागे. विद्यापीठांतील प्रबंध, नियतकालिकांचे अंक आणि कोशांची हस्तलिखिते यांच्या जतनाचा विचार करणाऱ्यांनी हा धोका ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, यंत्र हे परवान्याचे एकक भाड्याच्या स्थिर यंत्रांच्या काळात ठरले आणि ती परिस्थिती लोपल्यावरही रूढीने चालू राहिले. दुसरी ही की, यंत्राची ओळख कधीच निसर्गसिद्ध नव्हती. क्रमांक, तबकडी, डोंगल, चिप आणि दहा घटकांची बेरीज ही सारी विक्रेत्याने ठरविलेली नावे होत, आणि ठरविणाऱ्याने नियम जेथे आखला तेथेच ग्राहकाचा हक्क संपला. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची ही की, यंत्र, आज्ञावली, विक्रेता आणि ग्राहकाने निर्माण केलेला मजकूर या चौघांचे आयुर्मान सारखे नसते. यांपैकी मजकुराचे आयुष्य सर्वांत दीर्घ असावे अशी अपेक्षा असते, आणि तोच सर्वांत अल्पायुषी घटकाला, एखाद्या बॅटरीला किंवा बंद पडणाऱ्या सेवायंत्राला, बांधला जातो. नक्कल रोखण्याचा विक्रेत्याचा हक्क मान्य करूनही, हे बांधणे किती काळ टिकावे याची मर्यादा कायद्याने घालून देणे आवश्यक आहे. कालबाह्य डोंगलविषयीच्या अपवादाने त्या दिशेने एक लहान पाऊल पडले होते. त्यापुढची वाट बहुतांशी अद्याप चालावयाची आहे.